रेन्वारच्या हातात ब्रश कोण देत होतं?

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. त्यातला मजकूर थोडक्यात असा: ‘आजार शरीराचा नसतो, मनाचा असतो. इच्छाशक्ती दांडगी असेल तर गोळ्यांची गरज नाही. पहाटे पाचला उठा, दुखण्याकडे लक्ष देऊ नका, आजाराचं नाव तोंडातून काढू नका, बोललं की तो वाढतो. चित्रकार रेन्वारची बोटं संधिवातानं वाकडी झाली, तरी त्यानं हाताला ब्रश बांधून चित्रं काढली. मग तुम्ही का रडता?’

मला अकरा वर्षं आमवात आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला रूमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. हा आजार नुकताच कळलेली एखादी मुलगी हे वाचून गोळ्या बंद करेल, या धास्तीनं लिहायला बसले आहे.

आधी गोळ्यांचं. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, आणि सूज आटोक्यात आली नाही तर कूर्चा आणि हाड कुरतडलं जातं. एकदा कुरतडलेलं हाड मन खंबीर केल्यानं भरून येत नाही. म्हणून तर औषध लवकर सुरू करायचं असतं. मी हे शिकले ते नुकसान करून घेऊन. दुसऱ्या वर्षी बरं वाटू लागलं, ‘मनावर घे, सुटतील गोळ्या’ असं जो तो म्हणत होता, मी सात महिने गोळ्या सोडल्या. त्या सात महिन्यांत माझं मन अगदी खंबीर होतं. उजव्या हाताची दोन बोटं मात्र करंगळीकडे कलली, ती कललीच.

अनेकांना या आजारात मेथोट्रेक्सेट देतात. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. सोबत फॉलिक ॲसिड, आणि ठरावीक काळानं रक्ताची आणि यकृताची तपासणी. माझा वार सोमवार. रात्री गोळी घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करते. मंगळवारी दिवसभर मळमळतं, हे माहीत असूनही पुढच्या सोमवारी पुन्हा खूण करते. माझ्या लेखी इच्छाशक्ती म्हणतात ती हीच.

आता पहाटे पाच. आमवाताचा सकाळचा आखडलेपणा तासभर टिकतो, कधी त्याहून जास्त. त्या वेळात माझी मूठ वळत नाही. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागतो, साडीची पिन लावायला दुसरं कुणीतरी लागतं. अशा वेळी स्वतःला ओढत कामाला लावलं की दुपारपर्यंत सगळं अंग ठणकतं आणि पुढचे दोन दिवस वाया जातात. म्हणून मी आधी कोमट पाण्यात हात धरते, बोटं हळूहळू हलवते, आणि जड काम अकरानंतर घेते. व्यायामाचं म्हणाल तर तो हवाच, चालणं, सांधे हलते ठेवणं, त्याबद्दल वाद नाही. पण सूज चढलेली असताना त्या सांध्याला विसावा देणं हा आळस नव्हे. दुखण्याकडे लक्ष दिलं म्हणूनच मला कळतं की आज भाकऱ्या थापायच्या की कुकर लावायचा.

‘बोललं की आजार वाढतो’ हे तर मला सर्वांत घातक वाटतं. न बोलल्यानं काय होतं ते मी सांगते. घरचे समजतात ही चिडचिडी झाली आहे, आणि आपण समजतो की आपणच कमी पडतो. दीर्घकाळ दुखणं सोसणाऱ्यांना नैराश्य येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं आणि त्यावर उपचार आहेत, पण डॉक्टरांना सांगितलं तरच. सकाळी उठावंसंच वाटत नसेल तर तेही तपासणीच्या वेळी सांगा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस ही फोनसेवा 14416 या नंबरवर आहे, मराठीतही बोलता येतं.

राहिला रेन्वार. त्याचं नाव घेतात याचं मला बरंच वाटतं, कारण तो आमच्यातला. आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षं, 1919 साली जाईपर्यंत, तो या आजारासह चित्रं काढत राहिला. पण ब्रश हाताला बांधलेला नव्हता. हातावरच्या पट्ट्या कातडी सोलवटू नये म्हणून होत्या. बोटं इतकी आत वळली होती. ब्रश त्याच्या मुठीत दुसरं कुणीतरी देत असे. 1915 मध्ये तो चित्र काढत असताना त्याची फिल्म घेतली गेली, त्यात त्याचा धाकटा मुलगा शेजारी उभा आहे. मोठ्या चित्रांसाठी कॅनव्हास रुळांवर गुंडाळत, म्हणजे हात पोहोचेल तिथे चित्रच सरकवता येई. उन्हासाठी तो दक्षिण फ्रान्समध्ये राहायला गेला होता. त्याची जिद्द खरीच, पण मेसेजमधून तो मुलगा आणि ते रूळ गाळले की उरलेली गोष्ट आजारी माणसाला फक्त अपराधी करते.

हा मेसेज सर्वांत आधी माझ्या नणंदेनं पाठवला होता, आणि मायेनंच पाठवला होता. तिला मी लिहिलं: ‘वन्सं, गोळ्या चालू आहेत, सोडणार नाही. रविवारी येताय ना? सकाळी आठाच्या आत आलात तर वेणी घालून द्या.’