एन्फिल्डची गोळी नळीपेक्षा लहानच होती

दरवर्षी १० मे जवळ आला की १८५७ च्या काडतुसांविषयीचा एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. एन्फिल्ड रायफलची शिशाची गोळी नळीच्या व्यासापेक्षा किंचित मोठी ओतलेली असे, ती गजाने ठोकून खाली उतरवावी लागे, ती सरकावी एवढ्याचसाठी काडतुसाला चरबी लावत, आणि गोळी अशी घट्ट बसल्यामुळेच त्या रायफलीचा नेम अचूक होता, असे त्यात सांगितलेले असते. चरबी आणि शिपायांचा संताप या गोष्टी खऱ्या असल्यामुळे बाकीचा मजकूरही लोक खरा धरून चालतात. मापाविषयी त्यात जे म्हटले आहे, ते मात्र जवळजवळ उलटे आहे.

आधी मापच पाहू. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्डची नळी आतून ०.५७७ इंच, म्हणजे साधारण १४.६६ मिलिमीटर व्यासाची होती. तिच्यासाठी सुरुवातीला ठरवलेली प्रिचेट गोळी ०.५६८ इंचांची, म्हणजे नळीपेक्षा सुमारे पाव मिलिमीटरने लहान होती. गोळी नळीच्या मधोमध धरली तर तिच्याभोवती वहीच्या एका पानाच्या जाडीएवढी फट उरते, आणि ती फट मोकळी राहत नसे. शिपाई कागदी काडतुसाचे दारूकडचे टोक फाडून दारू नळीत ओतत असे, काडतूस उलटे करून गोळीचा भाग त्यावरच्या चरबी लावलेल्या कागदासकट नळीच्या तोंडात बसवत असे, वर उरलेला कागद तोडून टाकत असे आणि मग गजाने गोळी दारूवर नेऊन टेकवत असे. गोळीभोवतीच्या कागदाचे वेढेच ती फट भरून काढत. यात ठोकाठोकीला कुठेच जागा नाही. असती, तर मिनिटाला दोन-तीन बार काढणे कोणत्याही पलटणीला जमले नसते.

‘घट्ट गोळी, म्हणून अचूक नेम’ हा मजकुरातला सर्वांत पटणारा आणि सर्वांत चुकीचा मुद्दा आहे. ठासणीच्या रायफलीपुढची जुनी अडचण अशी होती की सैल गोळी नळीतल्या वळणदार खाचांना धरत नाही आणि घट्ट गोळी तोंडातून आत जात नाही. एन्फिल्डच्या आधीच्या, इंग्रजांच्याच बेकर रायफलीबरोबर सुरुवातीला गोळी आत ढकलण्यासाठी लाकडी हातोड्या दिल्या होत्या. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा तीच गोष्ट एन्फिल्डच्या नावावर टाकली असावी. या अडचणीवरचा तोडगा १८४० च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच अधिकारी मिनिए याच्या नावाने प्रसिद्ध झाला. गोळी नळीपेक्षा लहानच ओतायची, पण तिचे बूड पोकळ ठेवायचे. बार उडताच दारूच्या वायूचा दाब त्या पोकळीत शिरतो, मऊ शिशाची कड फुगते आणि खाचांमध्ये रुतते. गोळी आत जाताना सैल असते आणि बाहेर येताना घट्ट. एन्फिल्डला अशा तीन खाचा होत्या आणि ३९ इंचांच्या नळीत त्या जेमतेम अर्धा फेरा घेत. ९०० यार्डांपर्यंतच्या खुणा असलेली तिची नेम धरायची मागची पट्टी याच फुगणाऱ्या गोळीच्या भरवशावर बसवलेली होती.

आता चरबी. ती गोळी सरकण्याला मदत करत असे हे खरे, पण तिचे त्याहून मोठे काम दारूच्या काजळीशी होते. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेष म्हणून उरतो. कोरड्या उन्हात तो नळीच्या आत खपलीसारखा धरतो आणि दहा-वीस बारांनंतर तीच गोळी त्याच नळीत अडू लागते. मेण आणि चरबी यांचे मिश्रण ही खपली मऊ ठेवत असे. हिंदुस्थानच्या उन्हात एवढेही पुरेना, तेव्हा गोळीचा व्यास ०.५६८ वरून ०.५५० इंचांवर आणला गेला. गोळी मोठी असणे हेच अचूकतेचे कारण असते, तर हा बदल म्हणजे हाताने नेम घालवणे ठरले असते. (चरबी कोणत्या जनावराची आहे, याची पटेल अशी हमी तेव्हाचे सरकार देऊ शकले नाही. त्यामुळे मापाचा हा खुलासा शिपायांच्या शंकेला खोटे ठरवत नाही.)

मजकुराच्या शेवटी जुन्या रायफलींच्या हौशी लोकांसाठी एक सल्लाही जोडलेला असतो: शिसे कसलेही चालेल, गोळी नळीपेक्षा एक-दोन हजारांश इंच मोठी ओता. हा नियम मुळात खरा आहे, पण तो मागून भरायच्या, धातूच्या काडतुसाच्या रायफलींचा आहे. तिथे गोळी तोंडातून शिरतच नाही, थेट खाचांवर ढकलली जाते, म्हणून भरीव बुडाची ओतीव गोळी खाचांच्या व्यासाहून जराशी मोठी चालते, किंबहुना लागते. ठासणीच्या रायफलीत तीच गोळी दारूपर्यंत न पोचता मध्येच अडकली आणि बार काढला, तर नळी फुटू शकते. ‘कसलेही शिसे’ हा भाग तर अधिकच घातक. कथील किंवा अँटिमनी मिसळलेले शिसे कडक असते, ते फुगत नाही. शिवाय थंड होताना ते शुद्ध शिशापेक्षा कमी आकसते, त्यामुळे त्याच साच्यातून गोळी थोडी मोठी निघते. म्हणजे आत जाताना घट्ट आणि बाहेर येताना सैल, अशी मिनिएच्या कल्पनेची नेमकी उलटी गोळी तयार होते.

राहता राहिला नळीवरचा आकडा. ०.५७७ हे कारखान्याने ठरवलेले माप आहे. दीडशे वर्षे गजाने घासलेल्या आणि गंजलेल्या प्रत्यक्ष नळीचे माप ते असेलच असे नाही. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर मिळणाऱ्या ठासणीच्या बंदुकांना तर हा सगळा हिशेब लागूच होत नाही, कारण त्यांच्या नळ्या आतून गुळगुळीत असतात आणि त्यांत छरा भरतात.

मोठ्या गोळीचा आग्रह तरीही सुटत नसेल, तर याच एन्फिल्डचे पुढे काय झाले ते पाहावे. १८६६ पासून इंग्रजांनी याच रायफली मागून भरायच्या स्नायडर पद्धतीत बदलून घेतल्या. नळी तीच राहिली, तोंडातून गोळी घालायची गरज संपली, मोठी गोळी वापरायला कसलीच आडकाठी उरली नाही. आणि तरी स्नायडरच्या काडतुसातली गोळी पोकळ बुडाची आणि ०.५७३ इंचांचीच ठेवली गेली.