व्यायाम संपल्यानंतरची चाळीस मिनिटं

"व्यायाम कर, डोकं शांत होईल" हा सल्ला ऑटिस्टिक (स्वमग्न) प्रौढांना इतक्या वेळा ऐकवला जातो की, व्यायामानंतर डोकं उलट भणभणायला लागलं तर माणूस स्वतःलाच दोष देतो. दिव्याचा उजेड डोळ्यांत घुसतो, टी-शर्टची शिवण काचते, कुणी नुसतं "कसं झालं?" विचारलं तरी अंगावर येतं. मग व्यायामच सुटतो आणि आळशीपणाचा शिक्का बसतो. माझ्या मते चूक सल्ल्यात आहे. व्यायामानंतरची चाळीसेक मिनिटं हा व्यायामाचाच भाग आहे, आणि तेवढाच कुणी शिकवत नाही.

तुम्ही थांबलात तरी शरीर लगेच थांबत नाही. हृदय धडधडत असतं, अंग तापलेलं असतं, घाम चालू असतो, ॲड्रेनलिन उतरायचं असतं. या सगळ्या आतल्या खबरा जाणवण्याला इंटरोसेप्शन म्हणतात. 2013 साली डीएसएम-5 मध्ये (मानसिक निदानांच्या अमेरिकन नियमावलीत) संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमच्या निकषांत आलं, पण लोक त्याचा अर्थ आवाज आणि उजेड एवढाच धरतात. आतून येणारा गोंगाटही त्याच खात्यात जमा होतो. त्यात धडधड, घाम आणि धाप ही भीतीचीही लक्षणं. आतल्या खुणा नीट ओळखता येत नसतील, तर मेंदू साध्या दमण्यालाही धोका समजू शकतो.

म्हणून आधी शोधायचं की भार नेमका कशाचा आहे, जागेचा की श्रमाचा. तोच व्यायाम, तेवढाच वेळ, शांत खोलीत मंद उजेडात करून बघा. त्रास झाला नाही तर दोष जागेचा: आरसे, संगीत, वजनं आपटण्याचा आवाज, परफ्यूम. तरीही त्रास झाला तर जोर कमी करा. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता यावं, ही मर्यादा ठेवून 40 ऐवजी 15 मिनिटं करा. "दमलो की थांबेन" यावर विसंबू नका, कारण दमल्याचं कळतच नाही किंवा फार उशिरा कळतं. टायमर लावा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते समजणार नाही.

शेवटची 5 ते 10 मिनिटं सावकाश चालायचं. एकदम थांबलं की पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलायचं बंद करतात, रक्त पायांत साचतं, दाब उतरतो आणि गरगरतं. आधीच भरलेल्या डोक्याला ही नसती भर.

चालतानाच कानांची सोय करा. इअरप्लग धावताना घातले तर बरेच जण वैतागतात, कारण कान बंद झाला की स्वतःचा श्वास आणि पावलांचे दणके आतून मोठे ऐकू येतात. श्वास उतरल्यावर घाला. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पंख्याच्या किंवा यंत्राच्या सलग घरघरीला छान, अचानक झालेल्या खणखणाटापुढे मात्र तोकडे. डोळ्यांसाठी पुढे छज्जा असलेली टोपी पुरते.

लगेच अंघोळ ही सगळ्यात जास्त होणारी चूक. अंग तापलेलं असताना नाहून आलं की पुन्हा घाम सुटतो आणि कोरडे कपडे चिकटतात. एकदम गार पाणी घेतलं तर श्वास अडकतो, धडधड वाढते. काहींना ते आवडतं, पण ओव्हरलोडच्या, म्हणजे संवेदनांचा भार असह्य होण्याच्या, काठावर असताना हा जुगार नको. 10-15 मिनिटं थांबा, मग कोमट पाणी. शॉवरचे थेंब टोचत असतील तर ओल्या कापडाने मान, काखा आणि गुडघ्यांची मागची बाजू पुसली तरी चालेल. पुसायचं मात्र नक्की, कारण घाम वाळला की मीठ त्वचेवर राहतं आणि खाजवतं. मग सैल, वापरून मऊ झालेला टी-शर्ट. उलटा घातला तर शिवण बाहेर राहते. (कुणी हसलं तर हसू दे.)

त्यानंतर 15-20 मिनिटं अंधाऱ्या खोलीत आडवं पडणं. जड गोधडी ज्यांना मानवते त्यांनी ती अंग निवल्यावरच घ्यावी, नाहीतर उष्णता कोंडते. वजन साधारण शरीराच्या दहा टक्क्यांपर्यंत धरतात. तोवर भिंतीला दोन्ही हातांनी जोरात रेटणं हा गोधडीसारखा दाब मिळवण्याचा बिनखर्ची पर्याय.

तहान-भूक जाणवेल याची वाट बघू नका. एकदा व्यायामाआधी आणि नंतर वजन करा: एक किलो घटलं म्हणजे सुमारे एक लिटर घाम गेला. त्या हिशोबाने पाणी घोटाघोटाने, एकदम ढसाढसा नाही. खायला ओळखीचंच काहीतरी, आधीच काढून ठेवलेलं.

सोबत राहणाऱ्यांनी या वेळात प्रश्न विचारू नयेत, पाठ थोपटू नये. "ठीक आहे" आणि "मदत हवी" यांसाठी दोन खुणा आधीच ठरवून ठेवा, कारण शटडाउनमध्ये, म्हणजे भार असह्य होऊन माणूस आतून बंद पडतो तेव्हा, शब्द सापडत नाहीत. गाडी चालवणं, फोन, हिशोबाची कामं या तासात ठेवूच नका.

मात्र सगळंच ओव्हरलोडच्या खात्यावर टाकू नका. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, गोंधळल्यासारखं वागणं, अंग भाजत असताना घाम थांबणं यांत वाट न बघता तातडीने वैद्यकीय मदत घ्या. एडीएचडीसाठीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) उत्तेजक औषधं धडधड वाढवतात आणि काही औषधं घाम कमी करतात. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची यादी आणि व्यायामाची वेळ, दोन्ही लिहून न्या.