दोन दारांची जीप, ३,००० पौंडांचा ट्रेलर आणि ‘काही होत नाही’

उन्हाळा तोंडावर आला की अमेरिकेतल्या मराठी कॅम्पिंगवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरायला लागतो. दर वर्षी शब्द थोडे बदलतात, सार तेच असतं. दोन दारांच्या जीप रँग्लरला कंपनीने दिलेली २,००० पौंडांची (९०७ किलो) टोइंगची, म्हणजे ट्रेलर ओढण्याची, मर्यादा ही म्हणे निव्वळ कोर्टकचेरीच्या धाकाने लिहिलेली आहे. चार दारांच्या रँग्लरला तेच इंजिन असून ३,५०० पौंड चालतात, आणि युरोपात तर हीच दोन दारी जीप दीड टन ओढते. तेव्हा चांगला हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा सांधा, बसवा, फोर-व्हील ड्राइव्ह आहेच, सामान ट्रेलरच्या मागच्या बाजूला भरा म्हणजे जीपची पाठ दबणार नाही. ट्रेलर डोललाच तर ॲक्सिलरेटर दाबून सरळ करा, आणि ३,००० पौंडांचा ट्रेलर खुशाल न्या.

यातल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून बाकीच्या खपतात. इंजिन तेच आहे आणि युरोपातला आकडाही खरा आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

आधी इंजिन बघू. ३.६ लिटरचं पेंटास्टार व्ही-६, २८५ हॉर्सपॉवर, दोन्ही गाड्यांत मिळतं. ते ३,००० पौंड ओढेल का? ओढेल की. पण टोइंगचा आकडा म्हणजे फक्त इंजिनाचा जोर, हे कोणी सांगितलं? अमेरिकेत टोइंगच्या चाचणीचं एसएई जे२८०७ नावाचं प्रमाण आहे. त्यात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा ११.४ मैलांचा चढ एसी पूर्ण चालू ठेवून चढायचा असतो, तो भाग इंजिनाचा. पण त्याच प्रमाणात ट्रेलरचं डोलणं किती लवकर विरतं आणि वळणावर गाडीचं स्टिअरिंग कसं वागतं, हेही मोजतात. नुसतं ओढता येऊन भागत नाही, ओढलेली वस्तू ताब्यातही राहावी लागते.

याचा सगळ्यात बोलका दाखला जीपच्याच घरात आहे. २००४ ते २००६ या काळात जुन्या टीजे रँग्लरची एक लांबवलेली ‘अनलिमिटेड’ आवृत्ती निघाली. जीपवाले तिला एलजे म्हणतात. टीजेच्या रूबिकॉन या ऑफ-रोड आवृत्तीत चार लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि मागे डाना ४४ ॲक्सल होता, एलजे रूबिकॉनमध्येही तोच जोड. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, मात्र ९३.४ इंचांचा १०३.४ इंच झाला, आणि टोइंगचा आकडा २,००० वरून ३,५०० वर गेला. दहा इंचांत कंपनीच्या वकिलांची भीती पळाली, असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी म्हणावं.

हे दहा इंच करतात काय? ट्रेलर ज्यावर अडकतो तो हिचचा बॉल मागच्या ॲक्सलवर नसतो, त्याच्याही मागे असतो. आजच्या जेएल रँग्लरमध्ये तो साधारण ४० इंच मागे धरा. दोन दारी काय नि चार दारी काय, शेपटी जवळजवळ सारखीच. व्हीलबेस मात्र ९६.८ आणि ११८.४ इंच. आता ३,००० पौंडांच्या ट्रेलरचं टंग वेट, म्हणजे बॉलवर येणारा उभा भार, किमान १० टक्के, ३०० पौंड. ४० इंचांच्या या तरफेमुळे दोन दारी जीपच्या पुढच्या चाकांवरचे सुमारे १२४ पौंड उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर ४२४ पौंड बसतात. चार दारीत पुढचे १०१ पौंड उचलले जातात. फरक थोडाच आहे, कबूल.

खरा फरक आडव्या दिशेला आहे. शेजारून सेमी ट्रक जातो, त्याच्या हवेचा लोट आधी ट्रेलरचं ढुंगण ढकलतो, ट्रेलर बॉलवर आडवा जोर लावतो आणि जीपची शेपटी बाजूला सरकते. तिला पुन्हा रेषेत आणायचं काम टायरांचं. टायरांची ही ताकद दोन्ही ॲक्सलमधल्या अंतरावर अवलंबून असते, आणि तीही सरळ प्रमाणात नाही तर ढोबळ हिशोबाने त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. चार दारी जीपचा व्हीलबेस २२ टक्क्यांनी जास्त आहे, तर हे डोलणं विरवण्याची तिची क्षमता जवळपास दीडपट निघते. शिवाय ही क्षमता वेग वाढतो तशी घटत जाते. ताशी ५० मैलांना गुण्यागोविंदाने चालणारी जोडी ६८ ला अचानक बेताल होते, ती यामुळे. कॅलिफोर्नियात आय-१० महामार्गावर बॅनिंगच्या पुढे, पवनचक्क्यांच्या त्या खिंडीत, आडव्या वाऱ्यात ट्रेलर ओढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुण्याहूनही हाच मजकूर ‘आपल्या थारलाही लागू’ अशी पुस्ती जोडून येतो म्हणून सांगतो. तीन दारी थारचा व्हीलबेस २,४५० मिलिमीटर आणि दोन दारी रँग्लरचा २,४५९. भूमिती तीच, त्यामुळे पथ्यही तेच. रांजणगावला जुळणी होणारी रँग्लर मात्र चार दारी आहे, तिचे आकडे थारला चिकटवू नका.

आता युरोप. हा मुद्दा मजकुरातला सगळ्यात हुशार मुद्दा आहे, त्यामुळे त्याला घाईने उडवून लावणार नाही. तिकडे दोन दारी रँग्लरला ब्रेकवाल्या ट्रेलरसाठी दीड टनाच्या आसपास परवानगी आहे, बरोबर. पण परवानगी फक्त वजनाची नसते, त्यासोबत टोइंगची अख्खी पद्धत येते. जर्मनीत ट्रेलर लावला की साधारण ताशी ८० किलोमीटरची मर्यादा, अटी पूर्ण केल्या तर १००. ब्रिटनमध्ये मोटरवेवर ६० मैल. तिथल्या कॅरव्हॅनांना ओव्हररन ब्रेक असतात, म्हणजे ट्रेलर पुढे रेटू लागला की त्याचे ब्रेक आपोआप लागतात, आणि बॉलला घट्ट धरून डोलणं दाबणारे स्टॅबिलायझर हिच तिकडे सर्रास वापरतात. टंग वेटही कमी, बहुधा ४ ते ७ टक्के. कमी टंग वेट म्हणजे मागच्या ॲक्सलवर कमी भार, पण त्याची किंमत कमी वेगाने चुकवावी लागते. अमेरिकेत आपण १० ते १५ टक्के ठेवतो ते वेग जास्त असतो म्हणून. युरोपातला आकडा घ्यायचा आणि टेक्सासचा वेग घ्यायचा, हा सौदा तिकडच्या कुठल्याच कागदावर लिहिलेला नाही. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्याला ताशी ५५ मैलांचीच मर्यादा आहे. ती पाळणारे किती, हे आय-५ वर डोळे उघडे ठेवून गेलं की दिसतं.

‘माझ्या हिचवर ३,५०० छापलंय’ हे उत्तर ऐकून तर मला हसूच येतं. तो आकडा त्या लोखंडाचा आहे. साखळीत सगळ्यात कमी आकडा ज्याचा, तोच आपला. हिच, बॉल, बॉल माउंट, ट्रेलरचा कप्लर, टायर आणि गाडी या सगळ्यांवर आकडे असतात. ट्रेलरसाठी खास बनवलेले एसटी टायर, वेगळी खूण नसेल तर, पूर्वापार ताशी ६५ मैलांपुरतेच धरले जातात, हे ठाऊक असणारे कमीच.

फोर-व्हील ड्राइव्हचा मुद्दा दोन ओळींत आटपतो. बोटीच्या उतारावर, वाळूत, ओल्या गवतावर त्याचा फायदा आहे. हायवेवर ट्रेलर डोलायला लागला तर काडीचा नाही, आणि कोरड्या डांबरावर पार्ट-टाइम फोर-व्हील लावून ठेवायचीही नसते. उलट ज्या गोष्टींमुळे जीप दगडधोंड्यांत भारी ठरते त्या इथे नडतात. जीप उंच करणारं लिफ्ट किट म्हणजे वर गेलेला गुरुत्वमध्य आणि वर गेलेला बॉल. मग ट्रेलर नाक वर करून चालतो. ३३ इंची टायरच्या जागी ३५ घातला की गिअरिंग सहाएक टक्क्यांनी उंच होतं आणि इंजिनाचा ओढायचा जोर तितकाच घटतो. लिफ्ट केलेल्या जीपला बॉल खाली आणणारा ड्रॉप माउंट लावून ट्रेलर जमिनीला समांतर आणणं हे किमान काम आहे, आणि तेही अनेक जण करत नाहीत.

‘सामान मागे भरा’ हा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, घातक आहे. मागे ओझं जास्त झालेली बैलगाडी उलार होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठायला बघतं. ट्रेलरचंही तेच. टंग वेट कमी झालं की ट्रेलर स्वतःच डोलायचं निमित्त शोधू लागतो, त्याला ट्रकच्या हवेचीही गरज उरत नाही. साधारण ६० टक्के वजन ॲक्सलच्या पुढे हवं. जीपची पाठ फार दबत असेल तर ट्रेलर जड आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि डोलायला लागल्यावर ॲक्सिलरेटर? क्षणभर हिच ताणला जातो आणि ट्रेलर सरळ झाल्यासारखा वाटतो, त्यातून ही दंतकथा जन्मली असावी. पण वेग वाढला की डोलणं विरवायची ताकद कमी होते, हे वर आलंच. कॅलिफोर्नियातल्या ग्रेपव्हाइन घाटाच्या सहा टक्के उतारावर हा प्रयोग करणाऱ्याला पुढे पळायलाही जागा नसते. करायचं ते उलट: ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, प्रत्येक झोक्याला उलटं वळवत बसू नका, जीपचा ब्रेक कचकन दाबू नका. ट्रेलरचे ब्रेक जीपमधून चालवणारा ब्रेक कंट्रोलर असेल तर त्याची कळ हाताने सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. ट्रेलर मागून खेचला जातो आणि रेषेत येतो. जेएलमध्ये ट्रेलर स्वे कंट्रोल आहे, ते एकेका चाकाचा ब्रेक लावून आणि इंजिनाची ताकद कापून मदत करतं. सॉफ्टवेअर स्वतः वेग कमी करतंय आणि व्हॉट्सॲप म्हणतंय वाढवा.

ब्रेकबद्दल तो मजकूर गप्पच आहे. राज्याराज्यांचे कायदे वेगळे: कॅलिफोर्नियात १,५०० पौंडांपासून कॅम्पिंगच्या ट्रेलरला ब्रेक लागतात, बऱ्याच राज्यांत ३,००० पासून. जीपचं मॅन्युअल मात्र १,००० पौंडांच्या वर ब्रेकची शिफारस करतं आणि २,००० च्या वर ते आवश्यक म्हणतं. कारखान्यातून टोइंग पॅकेज घेतलं तर सात पिनांचं सॉकेट मिळतं, ब्रेक कंट्रोलर मिळत नाही. तो वेगळा बसवावा लागतो. सॉकेट आहे म्हणजे ब्रेक आहेत असं समजणाऱ्यांना कोणीतरी हे सांगायला हवं.

शेवटचा मुद्दा मजकुरात नाही, पण त्यावरच्या प्रत्येक चर्चेत येतो: ‘माझा ट्रेलर तर १,९०० चाच आहे.’ हे १,९०० म्हणजे माहितीपत्रकातलं कोरडं वजन. त्यात पाण्याची २० गॅलनची टाकी भरा, १६७ पौंड झाले. प्रोपेनची एक भरलेली टाकी ३७. बॅटरी ५० च्या आसपास. मग खुर्च्या, तंबू, कास्ट आयर्नचा तवा, तांदळाची पिशवी, मुलांच्या सायकली. टंग वेट आणि जीपमधली माणसं-सामान मिळून दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या स्टिकरवर जीपमध्ये किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं, त्या आकड्यात बसायला हवीत, ते वेगळंच.

अंदाज करत बसू नका, तोलून घ्या. बहुतेक मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल, म्हणजे गाड्या तोलायचा काटा, असतो. सगळं भरून, घरच्यांना बसवून जायचं. पुढची चाकं पहिल्या पाटावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. खांबावरचं बटण दाबलं की आतून आवाज येतो, पहिलं वजन की फेरवजन? ट्रकचा नंबर विचारतील, ‘पर्सनल’ म्हणायचं. आत जाऊन कागद घ्यायचा, त्यावर चार ओळी: स्टिअर (पुढचा) ॲक्सल, ड्राइव्ह (मागचा) ॲक्सल, ट्रेलर आणि एकूण वजन. मग ट्रेलर सोडून नुसत्या जीपचं फेरवजन करायचं. पहिल्या एकूण वजनातून ते वजा केलं की ट्रेलरचं खरं वजन हाती येतं, आणि जीपच्या दोन ॲक्सलची बेरीज ट्रेलरसह जितकी वाढली तितकं टंग वेट. स्टिअर ॲक्सल किती हलका झाला तेही तिथेच दिसतं.

दोन दारी जीप घेऊन कॅम्पिंगला जाऊच नये असं माझं म्हणणं मुळीच नाही. टिअरड्रॉप ट्रेलर, किंवा मिनेसोटात बनणारा १३ फुटी स्कॅम्प, ज्याचं कोरडं वजन १,२०० ते १,५०० पौंड असतं, तिच्यामागे मजेत चालतात. माझा स्वतःचा नियम म्हणजे भरलेलं वजन १,६०० च्या आत, त्यालाही ब्रेक आणि वेग ६० च्या खाली. कोलोरॅडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्याकडे, ११,१५८ फुटांवर चढायचं असेल तर आणखी हलकं, कारण टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. त्या २८५ हॉर्सपॉवरमधले तिथवर पोचेपर्यंत १९० च्या आसपास उरतात. ज्यांना ३,००० चाच ट्रेलर हवाय त्यांनी चार दारी घ्यावी. २०२४ पासून तिच्या रूबिकॉनला, योग्य पॅकेजसह, ५,००० पौंडांपर्यंत परवानगी आहे.