अभ्यासदौरे बंद करू नका, पाठवायची माणसं बदला

गेल्या आठवड्यात गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा तोच वाद पेटला. एका नगरपालिकेचे पदाधिकारी अभ्यासदौऱ्यासाठी परदेशी निघाले, त्यांचे विमानतळावरचे फोटो आले आणि लोक तुटून पडले. "आमच्या नळाला दिवसाआड पाणी, आणि हे चालले सिंगापूरला!" हा राग रास्तच आहे. पण मग कुणीतरी लिहिलं, हे दौरे कायमचे बंद करा, सिंगापूर म्हणजे एवढंसं शहर, तिथलं आपल्याकडे काय चालणार? तिथे मात्र मला गप्प बसवेना. या एवढ्याशा शहरात मी सतरा वर्षं पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचं काम करते आहे.

सिंगापूर आज इतर देशांच्या अधिकाऱ्यांना शिकवतं. त्यासाठी 1992पासून सरकारचा स्वतंत्र कार्यक्रमच आहे. पण त्याआधी हे शहर स्वतः शिकलं, आणि कसं शिकलं ते बघा. अल्बर्ट विन्सेमियस हा डच अर्थतज्ज्ञ 1960मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाहणी पथकाचा प्रमुख म्हणून इथे आला. अहवाल देऊन तो मोकळा झाला नाही. 1984पर्यंत तो सिंगापूरचा आर्थिक सल्लागार होता. राहायचा नेदरलँड्समध्येच, पण फेऱ्या चुकवल्या नाहीत. मागच्या वेळी सांगितलेलं किती झालं, कुठे अडलं, हे दरवेळी समोर बसून बघायचं, असं जवळपास पाव शतक चाललं. आपल्या दौऱ्याला मिळतात पाच दिवस, त्यातला एक खरेदीचा.

असाच एक गट मी तीन वर्षांपूर्वी इथे फिरवला. मरीना बॅरेजवर सगळ्यांनी फोटो काढले. ते धरण आहेच देखणं. त्याच्या जलाशयाला मिळणारी सिंगापूर नदी एकेकाळी इतकी घाण होती की जवळून जाताना नाक धरावं लागे. 1977 ते 1987 अशी दहा वर्षं खपून ती साफ केली. काठावरची डुकरं-बदकं पाळणारी खुराडी हलवली, फेरीवाल्यांना बांधीव बाजारात ओटे दिले, झोपड्यांतल्या कुटुंबांना सरकारी घरं दिली. हे सगळं मी सांगत होते, माना डोलत होत्या, पण प्रश्न कुणाचाच येईना.

गटात एक ज्युनिअर इंजिनिअर होता. तिशीचा असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच माझ्याबरोबर साइटवर आला. तिथे नालेसफाई चालली होती. मुकादम तमिळनाडूचा. झाकण उचलायचं, आत बॅटरी मारायची, फोटो काढायचा, मग गाळ उपसायचा. आमच्या इंजिनिअरने मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "काढलेला गाळ काठावर किती दिवस ठेवता?" मुकादमाला प्रश्नच कळेना. दोनदा समजावल्यावर तो म्हणाला, "काठावर? गाडी आल्याशिवाय आम्ही झाकणच उघडत नाही."

तो पोरगा क्षणभर गप्प झाला. मग मला म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे गाळ काढायचा ठेका एकाला, वाहून न्यायचा दुसऱ्याला. पहिल्याचं बिल निघेपर्यंत पाऊस येतो आणि गाळ परत नाल्यात." त्या दौऱ्याची खरी कमाई म्हणजे हे दोन मिनिटांचं बोलणं. ते मरीना बॅरेजवर झालं नसतं, आणि आयुक्त-नगराध्यक्षांमध्ये तर मुळीच नाही. गाळ कुठे पडून राहतो हे ज्याला रोज दिसतं, त्यालाच तो प्रश्न सुचतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की दौऱ्याचे पैसे वाचवू नका, ज्युनिअर इंजिनिअर आणि मुकादम पाठवा. महिनाभर इथल्या टोळीबरोबर कामाला लावा आणि वर्षाने त्याच माणसांना परत पाठवा.

"तिथलं इथे चालत नाही" यात तथ्य आहेच. सिंगापूरने 1994मध्ये चीनमधल्या सूचौला औद्योगिक शहर उभारायला घेतलं. कारभाराची पद्धतही सोबत नेली आणि मालकीचा मोठा हिस्सा स्वतःकडे ठेवला. तिथल्या स्थानिक अधिकाऱ्यांनी मात्र शेजारच्या स्वतःच्या वसाहतीला जोर दिला. 2001मध्ये मोठा हिस्सा चिनी भागीदारांकडे गेला, आणि पुढे ते शहर भरभराटीला आलं. ज्यांना चालवायचं आहे त्यांना ते आपलं वाटलं पाहिजे, हे सिंगापूरला असं किंमत मोजून कळलं.

आणि आपण फक्त शिकायलाच जायचं, हे कुणी ठरवलं? वि. स. पागे यांच्या कल्पनेतून महाराष्ट्रात रोजगार हमी उभी राहिली, 1977मध्ये तिचा कायदा झाला, आणि 2005मध्ये देशाने तीच वाट धरली. मागेल त्याला काम देणं सरकारला कायद्याने बंधनकारक, असं किती देशांत आहे? आफ्रिकेतल्या एखाद्या अधिकाऱ्याला ही योजना समजून घ्यायची असेल, तर त्याला सभागृहात स्लाइड दाखवू नका. हजेरीपट लिहिणाऱ्या ग्रामरोजगार सेवकाशेजारी आठ दिवस बसवा. पैसे का रखडतात, खोटी नावं कशी घुसतात, हेही त्याला बघू द्या. झाकून शिकवता येत नाही.

यंदा मे महिन्याच्या शेवटी त्या ज्युनिअर इंजिनिअरचा मेसेज आला. फोटोत नाला उघडा, बाजूला डंपर उभा आणि काठ स्वच्छ. खाली लिहिलं होतं, "मॅडम, ठेका एकत्र करून घेतला. सध्या एकाच नाल्याचा. बाकीचे अकरा जुन्याच पद्धतीने." मी गणपतीला घरी जाणार आहे. दुसऱ्या नाल्याची फाइल कुठे अडली आहे ते दाखवायला त्याने मला ऑफिसात बोलावलंय.