मालिशीनं पोटशूळ जात नाही, भाऊ

लग्नसराई जवळ आली की घोडेवाल्यांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरू लागतो. म्हणणं असं: घोड्याला रोज तासभर सर्वांगाला मोहरीचं तेल चोळा. अंगातलं विष निघतं, सरकलेला मणका बसतो, पायाची सूज उतरते. पोट दुखलं तर पोट चोळा आणि बाटलीनं गोडेतेल पाजा. घोडा उभ्यानंच झोपतो, त्याला बसायला जागा लागत नाही. डॉक्टरचा खर्च वाचवा.

आधी पोटशूळ घेतो, कारण बाकीच्या चुकांनी घोडा हैराण होतो, या चुकीनं मरतो. घोड्याला ओकता येत नाही. त्याचं मोठं आतडं लांबलचक असून पोटात बरंचसं सैल असतं. ते तुंबतं, फुगतं, कधी पीळही बसतो. बाहेरून चोळणारा हात तिथवर पोचत नाही. बाटलीनं पाजलेलं तेल श्वासनळीत गेलं तर फुफ्फुसाचा दाह होतो. डॉक्टर तेल देतात ते नाकातून थेट पोटात घातलेल्या नळीनं, आणि नळी पोटातच गेली ना हे तपासून. घोडा पायानं जमीन उकरतोय, वळून कुशीकडे बघतोय, लोळतोय, घाम फुटलाय, असं दिसलं की चंदी-चारा बाजूला करा आणि फोन लावा. जबड्याखाली बोटं ठेवून नाडी मोजा. मोठ्या घोड्याची स्वस्थ असताना मिनिटाला २८ ते ४४ असते; साठीच्या वर गेली तर एक मिनिटही दवडू नका.

आपल्याकडे पोटशूळ उन्हाळ्यात का वाढतो, तेही बघा. पारा ४५ च्या आसपास, समोर कोरडा कडबा नाहीतर कुटार, आणि वरातीच्या दिवशी दुपारपासून बँडसमोर उभं. घोड्याला एरवीच दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी लागतं, घाम गाळल्यावर त्याहून जास्त. नवरदेवाला सरबत, घोड्याला काहीच नाही! मग कोरडा चारा आतड्यात तुंबतो.

अंगातलं विष? ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, तेल नाही. पण मेहनतीनंतर घोडा आखडला, पुठ्ठे दगडासारखे झाले आणि लघवी कॉफीच्या रंगाची आली, तर चोळूही नका, चालवूही नका. स्नायू मोडताहेत, डॉक्टर लागतोच.

मणक्याची गोष्ट लोकांना फार पटते. घोड्याच्या पाठीचे मणके जाड अस्थिबंध आणि स्नायूंनी इतके आवळलेले असतात की अंगठ्यानं सरकत नाहीत आणि बसतही नाहीत. पाठ दुखते हे मात्र खरं, आणि कारण बहुतेकदा खोगीर. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. त्याचं धड पुढच्या दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेलं असतं. त्यावर जरीचं जड खोगीर, पोटाखालून आवळलेला तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, आणि वर नवरदेवासोबत दोन भाचे. खोगीर काढल्यावर ओल्या पाठीवर कोरडा ठिपका राहिला, तर तिथं दाब जास्त पडतोय असा संशय घ्या. अशा आखडलेल्या पाठीला हलक्या हाताची मालिश बरी वाटते, हे मी मान्य करतो. घोडा मान खाली सोडतो, ओठ सैल करतो. पण खोगीर तेच ठेवून मालिश केली, तर उद्या पाठ परत तशीच.

सुजेचं काय? दिवसभर बांधून ठेवलेल्याचे मागचे पाय सुजले तर फिरवल्यावर उतरतात, त्याची काळजी नको. पण पावसाळ्यात गोमाश्या वाढल्या, ताप येतो-जातो, पायांना आणि पोटाखाली सूज, खाऊनही घोडा वाळतोय, तर सर्रा हा रोग असू शकतो. त्याचे परजीवी रक्तात असतात आणि गोमाशी ते एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेते. रक्त तपासून औषध द्यावं लागतं. तेल चोळण्यात फक्त दिवस जातात.

झोपेचा मुद्दा अर्धा खरा. घोडा उभ्यानं डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला दिवसातून अर्धा-एक तास आडवं व्हावंच लागतं. जागा नसेल, दोर आखूड असेल, तर कधीतरी उभ्याउभ्या झोप लागून तो पुढच्या गुडघ्यांवर कोसळतो. गुडघ्यांवरचे व्रण बघा.

आणि ‘सर्वांग’ म्हणणारा हा मेसेज तोंड आणि खूर विसरलाच! दात वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर येत राहतात, कडा धारदार होऊन गाल कापतात. चारा चघळून त्याचे गोळे तोंडातून टाकतोय तर वाट न बघता दातांच्या कडा डॉक्टरांकडून घासून घ्या. नालबंद आता गावोगाव भेटत नाही, म्हणून लोक नाल झिजेपर्यंत थांबतात. खूर तोवर वाढतच असतो. सहा ते आठ आठवड्यांनी तो कापायला हवा. खिळा रुतला तर धनुर्वाताचा धोका घोड्याला फार, लस देऊन ठेवा.

खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणं, मात्र रोज करा, कारण गाठ, जखम, गरम झालेला खूर हाताला सापडतो. सापडलं की तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ ला फोन करा. फोनवर शेवटची लीद कधी टाकली, नाडी किती आणि हिरड्यांचा रंग कसा, एवढं तयार ठेवा.