भरपाई दिली, जबाबदारी नाही

पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, तिच्या राखेची झळ जपानी मच्छीमारांना बसली. त्यापोटी २० लाख डॉलर देऊन अमेरिकेने जपानी जनतेचं समाधान केलं, हे त्यावरच्या लेखातलं विधान पटत नाही. ४ जानेवारी १९५५ च्या करारात ही रक्कम कायदेशीर जबाबदारीचा प्रश्न बाजूला ठेवून, सानुग्रह दिली होती. १ मार्च १९५४ चा बिकिनीचा स्फोट सुमारे ६ मेगाटनांचा (१ मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी स्फोटकाइतकी ताकद) धरला होता, झाला १५ चा. ‘फुकुर्यू मारू’ ही जपानी मासेमारी बोट जाहीर धोकाक्षेत्राबाहेर होती, तरी अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष स्ट्रॉस ती आत असावी असं म्हणाले. बिनसलं ते इथेच! बोटीवर पडलेल्या किरणोत्सारी राखेत काय होतं हे जपानी शास्त्रज्ञांना स्वतःच शोधावं लागलं, आणि बोटीवरचे २३ खलाशी तोवर आजारीच. बंदरावर ट्यूना माशापासून १० सेंटिमीटरवर गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजायचं यंत्र, धरायचे. मिनिटाला १०० च्या वर मोजणी गेली की मासा टाकून द्यायचा. डिसेंबरअखेर ही तपासणी बंद, आणि आठवड्याच्या आत करार. ऑगस्ट १९५५ पर्यंत अण्वस्त्रबंदीच्या निवेदनावर ३ कोटींहून जास्त सह्या पडल्या, त्या काही उगाच नाहीत.