चित्रपट-अभ्यासाला विद्यापीठात जागा हवी, पण स्वस्तात नको

‘चित्रपट बघायला पदवी कशाला लागते?’ हा प्रश्न दादासाहेब फाळक्यांच्या नाशिकमध्ये विचारला जावा, यात थोडी गंमत आहे. ओळखीतल्या एका मुलीने बी.ए.नंतर चित्रपट-अभ्यासात एम.ए. करण्याचा विचार घरी बोलून दाखवला, तेव्हा तिच्या वडिलांनी हेच विचारले आणि बसलेल्यांपैकी बहुतेकांनी माना डोलावल्या. इतिहास शिकवण्यात नोकरी संपवलेल्या माझ्यासारख्याला तो प्रश्न गैर वाटत नाही. विद्यापीठात कोणत्याही नव्या विषयाने आपली योग्यता सिद्ध केलीच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच की चित्रपट-अभ्यास ती सिद्ध करू शकतो. मात्र ज्या पद्धतीने तो आपल्याकडे पुष्कळदा मांडला जातो, त्या पद्धतीने नव्हे.

आधी एक गल्लत दूर करू. चित्रपट तयार करण्याचे शिक्षण आणि चित्रपटांचा अभ्यास या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यासाठी पुण्यात 1960 पासून स्वतंत्र संस्था आहे, आणि कॅमेरा, ध्वनी, संकलन हे तिथेच शिकावे. दुसरा विषय इतिहास आणि साहित्य यांच्या पंक्तीत बसणारा आहे. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाने 1990 च्या दशकातच त्यासाठी स्वतंत्र विभाग काढला.

या विषयाला स्वतःचे प्रश्न आहेत का, हीच खरी कसोटी. फाळक्यांचेच उदाहरण घेतो. 30 एप्रिल 1870 रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. हा चित्रपट चार रिळांचा होता. आज त्यातील पहिले आणि शेवटचे रीळ तेवढे उपलब्ध आहे. पण उपलब्ध आहे ते नक्की काय? फाळक्यांनी 1917 मध्ये हाच विषय पुन्हा चित्रित केला होता आणि जे उरले आहे ते 1913 चे नसून या दुसऱ्या आवृत्तीचे असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे ज्या दृश्यांकडे बोट दाखवून आपण ‘भारतीय चित्रपटाची सुरुवात’ म्हणतो, त्यांची तारीखच वादग्रस्त आहे. या वादाचा निकाल लावायचा तर पात्रांचे चेहरे, नेपथ्य, मूकपटात दृश्यांमध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांची लिपी आणि मांडणी, त्या काळच्या जाहिराती आणि वृत्तपत्रांतील वर्णने ताडून पाहावी लागतात. ताम्रपटाचा काळ ठरवणारा अभ्यासक याहून वेगळे काय करतो?

हाच धागा पुढे नेता येतो. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण त्या कामाला स्त्री मिळेना. त्याच वर्षी फाळके नाशिकला आले आणि इथे घडलेल्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. तरीही 1917 च्या ‘लंका दहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका पुन्हा साळुंक्यांकडेच आहेत. एकदा उघडलेली वाट लगेच रुंद का झाली नाही, याचे उत्तर रंगभूमीचा इतिहास, जातीची आणि प्रतिष्ठेची गणिते, नाटक कंपन्यांची अर्थव्यवस्था यांत शोधावे लागेल. फाळक्यांनी आपल्या धडपडीविषयी ‘नवयुग’ मासिकात मराठीत लिहिलेले लेख हे या कामातले मूळ साधन आहे, त्यामुळे हा अभ्यास मराठी विद्यार्थ्याने केला तर त्याला आयती आघाडी आहे. आपण मात्र पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक उभारले, तिथे मुलांना सहलीला नेले आणि विषय संपवला.

‘करमणुकीच्या वस्तूला इतकी प्रतिष्ठा कशाला’ हा आक्षेप मला सर्वांत दुबळा वाटतो. देशी भाषांना मुंबई विद्यापीठाच्या उच्च अभ्यासक्रमात स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना झगडावे लागले होते. आज एम.ए. मराठीवर कोणी ‘गोष्टी वाचायला पदवी कशाला’ असे म्हणत नाही. निदान उघडपणे तरी नाही.

खरी अडचण विषयाच्या समर्थकांकडून येते. अनेक ठिकाणी चित्रपट हा जनसंज्ञापनाच्या अभ्यासक्रमातला एखादा पेपर असतो. त्यात दिग्दर्शकांच्या याद्या पाठ करायच्या, कथानकाचा सारांश लिहायचा आणि शेवटी ‘समाजप्रबोधन’ हा शब्द टाकायचा. दुसऱ्या टोकाला परदेशी सिद्धान्तांची अवजड परिभाषा असते, जी चित्रपट न पाहताही वापरता येते. दोन्हीकडे पडद्यावर प्रत्यक्ष काय घडते हा प्रश्न बाजूलाच राहतो. कॅमेरा कुठे ठेवला आहे, दृश्य किती वेळ टिकते, ते कुठे तोडले आहे आणि तोडल्याने अर्थ कसा बदलतो, हे सांगता येत नसेल तर त्या पदवीला माझाही विरोध आहे.

नोकरीचा मुद्दा मी टाळत नाही. या पदवीवर ठरलेली नोकरी नाही, आणि तसे आश्वासन देणारे माहितीपत्रक पालकांनी संशयानेच वाचावे. परंतु जपणुकीचे काम प्रचंड आहे. भारतात हजाराहून अधिक मूकपट तयार झाले आणि त्यांतले अगदी मोजकेच शिल्लक आहेत. त्या काळची नायट्रेटची फिल्म झटकन पेट घेते, आणि जी जळाली नाही त्यातली पुष्कळशी चांदी काढण्यासाठी वितळवली गेली. पुण्यात 1964 मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय नाशिकपासून जेमतेम 210 किलोमीटरवर आहे. तिथल्या वस्तूंची ओळख पटवणारी, नोंदी करणारी माणसे कुठेतरी शिकून तयार व्हायला हवीत.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. नाशिकच्या महाविद्यालयांनी लगेच तीन वर्षांची स्वतंत्र पदवी काढू नये, कारण शिकवणारे तयार नाहीत. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाच्या जोडीने घ्यायच्या गौण विषयाची सोय आहे. इतिहास किंवा मराठी घेतलेल्या विद्यार्थ्यांना चित्रपट-अभ्यास हा गौण विषय म्हणून द्यावा. परीक्षेत विद्यार्थ्याने पूर्वी न पाहिलेला दोन मिनिटांचा तुकडा तीनदा दाखवावा आणि त्यावर लिहायला सांगावे. ज्याने उत्तरपत्रिकेत फक्त गोष्ट सांगितली असेल, त्याला नापास करण्याची तयारी विभागाने पहिल्याच वर्षी ठेवावी.